जुन्या सर्व्हरला कोणते कर्नेल? : एक विचार

(तृतीय वर्ष, कला शाखा)

‘जुने ते सोने’ असे आपण म्हणतो आणि दिवाळी जवळ आली की घरातले जुने सामान भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवतो. ‘नवे ते हवे’ असेही म्हणतो, आणि नवे घरात आले की ते कसे चालवायचे हे विचारायला शेजारच्या मुलाकडे जातो. या दोन्ही बोलण्यांच्या मध्ये विचार करण्याची एक जागा असते. ती आपण बहुधा रिकामीच ठेवतो. आपल्या ग्रंथालयातील जुन्या सर्व्हरच्या निमित्ताने मला त्या जागेत काही दिवस बसावे लागले. तेथे जे उमगले ते मित्रमैत्रिणींपुढे आणि गुरुजनांपुढे मांडावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कला शाखेच्या वार्षिकांकात कथा, कविता, सहलीचे वर्णन यांच्या पंगतीत हा तांत्रिक पाहुणा कोठून आला, असे कोणी विचारील. त्यांना माझे एवढेच सांगणे की हा पाहुणा आपल्याच घरचा आहे. ग्रंथालयात जाऊन आपण संगणकावर पुस्तकाचे नाव टाकतो आणि ते कोणत्या कपाटात आहे हे कळते, ते या पाहुण्याच्याच कृपेने. तो बंद पडला त्या दिवशी आपण सगळे कपाटांसमोर माना वाकड्या करून उभे होतो, हे कोणी विसरले नसेल.

मी ‘कमवा व शिका’ योजनेत ग्रंथालयात काम करते. तेथील सर्व्हर २०११ साली घेतलेला. चार-चार गाभ्यांचे दोन प्रोसेसर, सोळा जीबी स्मृती आणि एका नियंत्रक कार्डाला जोडलेल्या चार डिस्क. त्याच्यावर ‘कोहा’ नावाच्या आज्ञावलीत सर्व पुस्तकांची सूची आहे. ही आज्ञावली १९९९ साली न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी लिहायला घेतली गेली आणि पुढे सर्वांना मोफत देण्यात आली. ‘कोहा’ हा तिथल्या माओरी लोकांच्या भाषेतील शब्द, अर्थ ‘भेट’. दूरच्या बेटावरची ही भेट बुलडाणा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात रोज उघडली जाते, ही गोष्ट मला एखाद्या कथेइतकीच सुंदर वाटते.

त्याच सर्व्हरवर आपल्या वार्षिकांकाचे जुने अंक पानापानाने स्कॅन करून ठेवले आहेत. माझी आई याच महाविद्यालयात शिकली. १९९४ सालच्या अंकात तिचा एक छोटा लेख आहे. पुढे लग्न झाले, शिक्षण सुटले. घरी ठेवलेला तो अंक वाळवीने खाल्ला. ग्रंथालयातील प्रतीचीही पाने गळालेली. तो लेख आता पूर्ण वाचायचा तर या सर्व्हरवरच. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे घडले त्यात मी का घाबरले ते त्याशिवाय कळणार नाही.

आता कर्नेल म्हणजे काय? (सैन्यातला कर्नल नव्हे, आमच्या वर्गात हा विनोद करून झालेला आहे.) संगणकात एका बाजूला यंत्र असते : प्रोसेसर, स्मृती, डिस्क, नेटवर्क कार्ड. दुसऱ्या बाजूला आपण वापरतो त्या आज्ञावली असतात. त्या आज्ञावलींना डिस्कवर थेट हात घालता येत नाही. कोणाला किती स्मृती द्यायची, प्रोसेसरवर कोणाची पाळी आधी, कोणत्या कार्डाशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे सर्व ठरविणारा मधला कारभारी म्हणजे कर्नेल. प्रत्येक यंत्रभागाशी बोलण्यासाठी त्याच्याजवळ एकेक दुभाष्या असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. दुभाष्या नसेल तर भाग धडधाकट असूनही कर्नेलला तो दिसतच नाही.

आपल्या सर्व्हरवर आहे ते लिनक्स कर्नेल. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने ते १९९१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी लिहिले, म्हणजे जवळजवळ आपल्याच वयात. त्याच वर्षी आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला होता. त्या विद्यार्थ्याने मात्र आपल्या घरच्या ३८६ जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिले आणि लिहिलेले सर्वांना वाचायला, बदलायला खुले केले. गंमत अशी की ज्या ३८६ वर ते जन्मले, त्याच ३८६ चा आधार २०१३ सालच्या ३.८ या आवृत्तीपासून काढून टाकण्यात आला. जन्मभूमीचाही मोह न धरणारी ही विद्या आहे! म्हणूनच ‘लिनक्स जुन्या यंत्रावर चालतेच’ हे डोळे मिटून म्हणण्यात अर्थ नाही.

आपल्या सर्व्हरवर डेबियन ९ ही प्रणाली होती आणि तिचे कर्नेल ४.९, म्हणजे २०१६ सालचे. डेबियनकडून तिला मिळणाऱ्या दुरुस्त्या ३० जून २०२२ रोजी थांबल्या. थांबल्या म्हणजे सर्व्हर बंद पडला असे नाही. तो चालूच होता. आणि ‘चालूच आहे ना, मग कशाला हात लावता?’ असे म्हणणारा एक पक्ष आपल्याकडे होता. दुसरा पक्ष म्हणे, ‘टाका हो ते धूड भंगारात, नवे घ्या.’ नवे घ्यायला पैसे कोठून, याचे उत्तर त्या पक्षाजवळ नव्हते. तिसरा पक्ष माझा, आणि त्यात मी एकटीच : ‘अगदी नव्यात नवे कर्नेल टाकून देऊ या, सगळे प्रश्न मिटतील.’ आता वाटते, तिन्ही पक्ष सारखेच आळशी होते. पहिल्याला बदलाचा आळस, दुसऱ्याला दुरुस्तीचा, आणि मला वाचण्याचा.

एका शनिवारी दुपारी ग्रंथपाल सरांची परवानगी घेऊन मी एका प्रसिद्ध वितरणाची नवी आवृत्ती पेनड्राइव्हवर आणली. (कर्नेल आणि त्याबरोबर लागणाऱ्या आज्ञावली एकत्र बांधून देणाऱ्यांना वितरण म्हणतात; डेबियन हेही त्यांपैकीच एक.) सरांनी विचारले, “सगळ्याची दुसरी प्रत काढून ठेवलीस ना?” मी म्हटले, “हो सर.” वस्तुतः मी फक्त पुस्तकसूचीची प्रत काढली होती, स्कॅन केलेले अंक फार मोठे म्हणून राहू दिले होते. सर्व्हर सुरू केला. पडद्यावर पाने पुढे सरकली आणि डिस्क निवडायच्या पानावर येऊन थांबली. एकही डिस्क नाही. चारांपैकी एकही नाही. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. साडेसहाला चिखली तालुक्यातल्या आमच्या गावाची शेवटची एस. टी. सुटते. पेनड्राइव्ह काढायचेही भान राहिले नाही. वीज बंद केली आणि स्टँडकडे धावले.

त्या रात्री जेवण गेले नाही. आईजवळ बोलायची हिंमत नव्हती. आबा ओसरीवर बसले होते. त्यांनी विचारले, “काय झालं वं पोरी?” मी त्यांना कळेल अशा शब्दांत सांगितले की एक जुने यंत्र आहे, त्याला नवी प्रणाली जुंपायला गेले आणि ते उठतच नाही. आबा हसले. म्हणाले, “बैल म्हतारा झाला म्हून कोनी त्याले लगेच बजार दाखोते का? पन त्याले ट्रॅक्टरचं कामबी सांगू नये. डवऱ्याले जुप, दमानं चालते. अन् जू मातर त्याच्या मानीच्या मापाचं पायजे.”

आबांना कर्नेल ठाऊक नाही. तथापि कर्नेल म्हणजे काय याची याहून नेमकी व्याख्या मला कोठे आढळली नाही. बैल आणि अवजार यांच्यामधले जू ते कर्नेल. जू फार जुने असेल तर ते कधी मोडेल त्याचा भरवसा नाही. नवे असून मापाचे नसेल तर बैलाची मान सोलते.

सोमवारी सकाळी मी पेनड्राइव्ह काढून सर्व्हर सुरू केला. जुनी प्रणाली नेहमीप्रमाणे उठली. सर्व अंक जागच्या जागी. झाले होते ते एवढेच की त्या वितरणाने आमच्या जातीच्या जुन्या नियंत्रक कार्डाचा ड्रायव्हर आपल्या कर्नेलमधून वगळला होता. मूळ लिनक्समध्ये तो दुभाष्या होता. वितरकाने तो घेतला नव्हता. आणि यातली खरी अंगावर काटा आणणारी गोष्ट मला नंतर कळली. डिस्क दिसल्या नाहीत म्हणून त्या वाचल्या! दिसल्या असत्या तर माझ्या घाईच्या एका कळीने त्या पुसल्या गेल्या असत्या, आणि आईचा लेखही. सरांना मी सगळे खरे सांगितले. ते रागावले नाहीत. “आता आधी वाच, मग हात लाव,” एवढेच म्हणाले. ते वाक्य मला रागावण्यापेक्षा जास्त लागले.

मग मी वाचले. त्यातले सार येथे देते, कारण जिल्ह्यातील कितीतरी शाळांत, ग्रामपंचायतींत, पतसंस्थांत असे जुने सर्व्हर असतील आणि त्यांच्यापुढेही हाच प्रश्न असेल.

पहिली गोष्ट म्हणजे, जुने कर्नेल न दुरुस्त करता चालू ठेवणे हा साधेपणा नसून धोका आहे. ‘डर्टी काऊ’ नावाचा दोष २०१६ साली उघडकीस आला. तो २००७ सालापासून कर्नेलमध्ये दडून होता. साध्या वापरकर्त्याला त्यातून सर्व्हरचा मालक होता येत असे. नऊ वर्षे कोणाला न दिसलेली भिंतीतली फट दिसल्यावर गवंडी येऊन बुजवून जातो; पण ज्या घराकडे गवंड्याने येणेच बंद केले त्या घराचे काय? आपला सर्व्हर वाचनकक्षातील संगणकांना आणि इंटरनेटला जोडलेला आहे. त्याची फट ही सर्वांची फट.

दुसरी गोष्ट, नवे आणि टिकाऊ यांत फरक आहे. लिनक्सचे नवे कर्नेल दर नऊ-दहा आठवड्यांनी प्रसिद्ध होते. साध्या आवृत्तीला पुढची आवृत्ती आल्यावर थोड्याच दिवसांत दुरुस्त्या मिळणे थांबते. मात्र वर्षातून एक आवृत्ती, बहुधा वर्षअखेरची, दीर्घ मुदतीसाठी निवडली जाते आणि तिला निदान दोन वर्षे दुरुस्त्या मिळतात. २०२२ सालची ६.१, २०२३ सालची ६.६, २०२४ सालची ६.१२ या अशा आवृत्त्या. डेबियनसारखी वितरणे यांपैकीच एक घेऊन तिची निगा स्वतःही पुढे चालवितात. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ चे कर्नेल ६.१, त्याची विस्तारित मुदत जून २०२८ पर्यंत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ चे कर्नेल ६.१२, त्याची मुदत जून २०३० पर्यंत. आपल्या जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पीकपाण्याचे भाकीत ऐकायला गावोगावचे शेतकरी जमतात. कर्नेलच्या आयुष्याचे भाकीत ऐकायला कोठे जावे लागत नाही; तारीख आधीच जाहीर असते. ती न वाचणे हा आपला दोष.

तिसरी गोष्ट मापाची. प्रोसेसर ६४ बिटांचा आहे की ३२ बिटांचा, हे आधी पाहावे. डेबियन १३ ने ३२ बिटांच्या जुन्या पीसींसाठी कर्नेल देणेच थांबविले आहे. मग नियंत्रक कार्ड आणि नेटवर्क कार्ड कोणत्या जातीची आहेत ते लिहून काढावे आणि त्यांचे ड्रायव्हर त्या वितरणाच्या कर्नेलमध्ये आहेत का ते तपासावे. काही नेटवर्क कार्डांना सुरू होताना फर्मवेअर नावाची आणखी एक फाइल लागते. ती मुक्त स्वरूपात नसल्यामुळे डेबियन आपल्या मुख्य स्थापनासंचात ती देत नसे. २०२२ साली त्यांच्या सभासदांनी मतदान घेऊन ती द्यायचे ठरविले आणि डेबियन १२ पासून ती मिळू लागली. यंत्रात कोणती फाइल असावी यावर जगभरचे स्वयंसेवक मतदान करतात, हे वाचून राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनीला आनंद झाला तर नवल नाही.

चौथी गोष्ट वेगाची. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे प्रोसेसरमधले दोष जाहीर झाले. त्यांवरचे उपाय कर्नेलमध्ये आले, पण त्यांनी काम काहीसे मंदावते आणि जुन्या प्रोसेसरना त्याचा भार अधिक जाणवतो. हे उपाय सुरू होतानाच बंद करण्याची सोय आहे आणि ‘बंद करून टाका, सर्व्हर पळेल’ असा सल्ला मलाही मिळाला. जो संगणक कोणालाही जोडलेला नाही, ज्यावर एकच विश्वासू माणूस बसतो, तेथे हे एक वेळ चालेल. अनेकांनी वापरायच्या सर्व्हरवर ते करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुस्तकाचे नाव दोन क्षण उशिरा दिसले तर कोणाचे काही बिघडत नाही. आबांचे ‘दमानं चालते’ ते हेच.

एवढे वाचून झाल्यावर आम्ही काय केले? आधी बाहेरच्या डिस्कवर सर्व गोष्टींची पूर्ण प्रत काढली, आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली. न उघडून पाहिलेली प्रत ही प्रत नव्हेच. मग डिस्कवर काहीही न लिहिता पेनड्राइव्हवरूनच डेबियन १२ आणि डेबियन १३ दोन्ही चालवून पाहिल्या. चारही डिस्क दोन्हींत दिसल्या, नेटवर्क दोन्हींत चालले. मग निवड कशावर करायची? सर म्हणाले, “तू पुढच्या वर्षी इथे नसशील. नवीन मूल तयार व्हायला वेळ लागतो.” म्हणून ज्याची मुदत लांब ते ६.१२ घेतले. ते बसविताना पुढची सोय म्हणून एक नियमही केला : कर्नेलची दुरुस्ती आली की नवे बसवायचे, पण आधीचे चालणारे कर्नेल पुसायचे नाही. सुरू होतानाच्या यादीत दोन्ही नावे राहतात. नव्याने दगा दिला तर जुने निवडता येते. पंधरा दिवस आम्ही रोज सकाळी नोंदी पाहिल्या आणि मगच वाचनकक्ष पुन्हा जोडला.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे आणि तो अर्थशास्त्राच्या सरांनी घेतला : जुना सर्व्हर वीज किती खातो? मीटर लावून पाहिले तर साधारण अडीचशे वॅट. तो अहोरात्र चालला तर वर्षाला २,१९० युनिट. तेवढ्या विजेत आजचा छोटा संगणक हेच काम कितीतरी वर्षे करील. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून आम्ही रात्री आणि सुट्टीच्या दिवशी तो बंद ठेवू लागलो. दहा तास आणि वर्षाचे २८० दिवस धरले तर सातशे युनिटांत भागते. तरीही मी हा सर्व्हर आणखी दहा वर्षे चालवावा असे म्हणत नाही. मी म्हणते ते इतकेच की तो कधी निवृत्त करायचा हे आपण ठरवावे, एखाद्या रात्री त्यानेच ठरवू नये. २०३० ही तारीख आपल्या हातात आहे. तोवर दर वर्षी थोडे पैसे बाजूला ठेवता येतील.

मित्रहो, या सर्वांत कला शाखेच्या विद्यार्थ्याचे काय काम, हा प्रश्न अजूनही काहींच्या मनात असेल. ग्रंथाची जुनी प्रत आणि नवी प्रत यांतील कोणती प्रमाण मानावी, हे आपण पाठचिकित्सेच्या तासाला शिकतो. कोणतेही एक मत जुने म्हणून स्वीकारू नये आणि नवे म्हणूनही स्वीकारू नये, हे तत्त्वज्ञानाचे सर सांगतात. कर्नेल निवडताना मला याहून निराळे काही करावे लागले नाही. वाचायचे, पडताळायचे, आपल्या परिस्थितीला लावून पाहायचे आणि निर्णयाची जबाबदारी घ्यायची. हे काम बाहेरगावच्या माणसाला पैसे देऊन करवून घेता येते. पण मग त्याला हवे ते जू आपल्या बैलाच्या मानेवर बसते आणि ते का बसविले हे आपल्यापैकी कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, ग्रंथालयाच्या सर्व्हरची एक वही असावी. त्यात कोणते कर्नेल, केव्हा बसविले, का बसविले, मुदत केव्हा संपते आणि प्रत केव्हा काढली हे मराठीत लिहिलेले असावे. ती वही मी सुरू केली आहे. पहिल्या पानावर माझी शनिवारची चूकही लिहिली आहे. दुसरी, दर वर्षी ‘कमवा व शिका’ योजनेतील दोन विद्यार्थ्यांना हे काम शिकवावे, म्हणजे एक बाहेर पडला तरी दुसरा राहील.

सर्व्हर सुरळीत चालू लागल्यावर मी १९९४ चा अंक उघडून आईचा लेख छापून घेतला आणि घरी नेला. तिने तो चष्मा लावून दोनदा वाचला, आणि दुसऱ्या परिच्छेदातील शुद्धलेखनाची चूक तेव्हाच्या संपादकांनी कशी सोडली म्हणून हळहळली.